उकळीचे दोन प्रश्न

१७७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने सात जणांची एक समिती नेमली. अध्यक्ष होते हेन्री कॅव्हेंडिश. काम वरकरणी किरकोळ होतं: तापमापीवर पाणी उकळण्याची खूण नेमकी कुठे करायची ते ठरवणं. पण त्या काळच्या तापमाप्यांवरच्या या खुणा एकमेकींशी जुळत नव्हत्या. जॉर्ज ॲडम्स या नामांकित उपकरणकाराच्या एका तापमापीवर तर उकळीच्या दोन खुणा होत्या. पाणी उकळू लागतं ती २०४ अंश फॅरनहाइटला आणि ते जोरात उकळतं ती २१२ अंशांना. भांडं काचेचं आहे की धातूचं, पाणी ताजं आहे की आधी बराच वेळ उकळलेलं, यावर आकडा हलायचा. समितीने पुढच्या वर्षी तोडगा सुचवला. तापमापीचा फुगा पाण्यात बुडवू नका, पाण्यावरच्या वाफेत धरा, आणि त्या वेळी वायुभारमापकातला पारा किती उंचीवर आहे तेही बघा.

या साध्या सूचनेत मला फार मोठी समज दिसते. उकळत्या पाण्यावरच्या वाफेचं तापमान हवेच्या दाबावर ठरतं आणि तिथेच थांबतं. पाण्याचं स्वतःचं तापमान मात्र भांड्यावर, त्याच्या खरखरीतपणावर, पाण्यात विरघळलेल्या हवेवरही अवलंबून असतं. म्हणजे उकळण्याचे प्रश्न दोन आहेत. कोणत्या तापमानाला उकळणं शक्य होतं, हा पहिला. शक्य झाल्यावर बुडबुडा जन्माला कसा येतो, हा दुसरा. आपली पाठ्यपुस्तकं पहिल्याचं उत्तर देतात आणि दुसऱ्याकडे वळतच नाहीत. पहिल्याचं उत्तरही बहुतेकांच्या मनात शंभर या आकड्यापाशी गोठलेलं असतं. खुद्द मापनशास्त्राने त्या आकड्याचा हात केव्हाच सोडला आहे. १९९० च्या आंतरराष्ट्रीय तापमान मोजपट्टीत उकळतं पाणी ही आधाराची खूणच नाही. त्या मोजपट्टीने मोजलं तर समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबाला पाणी ९९.९७४ अंश सेल्सिअसला उकळतं.

पहिल्या प्रश्नाची किल्ली म्हणजे बाष्पदाब. झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत अर्धं पाणी असेल, तर पृष्ठभागावरचे काही वेगवान रेणू शेजाऱ्यांची ओढ तोडून वर सुटतात, वरचे काही परत पाण्यात पडतात. थोड्या वेळाने जाणारे आणि येणारे सारखे होतात. त्या तोलाच्या अवस्थेत वाफ जेवढा दाब देते, तो त्या तापमानाचा बाष्पदाब. बाटली लहान की मोठी, पाणी थोडं की फार, याने त्यात फरक पडत नाही. मँचेस्टरच्या जॉन डाल्टन यांनी १८०१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. वर निर्वात जागा असो की हवा भरलेली असो, त्या तापमानाला वाफ आपला ठरलेला दाब देतेच. आज ही गोष्ट सरळ वाटते, पण त्या वेळी हवा पाण्याला मिठासारखं विरघळवून घेते असं अनेक विद्वान मानत होते. बाष्पीभवनाची ती सगळी कल्पना डाल्टन यांच्या प्रयोगांनी मोडीत काढली.

हा दाब तापमानाबरोबर किती झपाट्याने चढतो ते आकड्यांतच पाहावं. पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजला, तर पाण्याचा बाष्पदाब शून्य अंशाला ४.६ असतो, २० अंशांना १७.५, ४० ला ५५, ६० ला १४९, ८० ला ३५५, १०० ला ७६० आणि १२० ला जवळजवळ १४९०. तापमानाच्या पायऱ्या समान आहेत, पण दाब प्रत्येक पायरीला दुपटीपासून जवळजवळ चौपटीपर्यंत वाढतो. शेजाऱ्यांची ओढ तोडण्याइतकी ऊर्जा असलेले रेणू तापमान थोडं वाढलं तरी पटीत वाढतात, म्हणून असं होतं. या चढणीचं सूत्र क्लापेरॉन यांनी १८३४ मध्ये मांडलं आणि क्लॉसियस यांनी १८५० मध्ये पक्क्या पायावर उभं केलं. मधल्या काळात फ्रान्सच्या हेन्री व्हिक्टर रेन्यो यांनी सरकारी खर्चाने वर्षानुवर्षं मोजमापं करून १८४७ साली जे तक्ते छापले, त्यांवर वाफेच्या इंजिनांच्या पुढच्या पिढ्या उभ्या राहिल्या. काटेकोर मोजमापाच्या कामाला विज्ञानाच्या इतिहासात मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही. रेन्यो हे त्याचं ठळक उदाहरण.

आता उकळणं. बाष्पीभवन फक्त पृष्ठभागावर होतं आणि कोणत्याही तापमानाला होतं. उकळणं म्हणजे द्रवाच्या पोटात वाफेचे बुडबुडे तयार होणं. पोटातल्या बुडबुड्यावर चहूबाजूंनी पाण्याचा दाब असतो, आणि त्या पाण्यावर वरच्या हवेचा. बुडबुड्यातली वाफ या दाबाला तोंड देऊ शकली तर तो टिकेल, नाहीतर जन्मताच चिरडला जाईल. म्हणून बाष्पदाब बाहेरच्या एकूण दाबाइतका झाला की उकळणं शक्य होतं. यातला 'एकूण' हा शब्द महत्त्वाचा आहे. हवेतल्या दमटपणाचा इथे काही संबंध नाही. आषाढात कोकणात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कारण वाळण्याला हवेत आधीच असलेली वाफ आडवी येते. पण त्याच घरात भाताचं आधण यायला उन्हाळ्यापेक्षा वेगळं तापमान लागत नाही. वाळणं आणि उकळणं यांत गोंधळ होतो तो बहुतेक इथेच.

बाहेरचा दाब बदलला की उकळीचं तापमान बदलतं, हे फॅरनहाइट यांना १७२४ मध्येच कळलं होतं, आणि तापमापीनेच वायुभार मोजता येईल असं त्यांनी सुचवलंही होतं. शंभर अंशांच्या आसपास एका अंशाने बाष्पदाब सुमारे २७ मिलिमीटर बदलतो. समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटर चढलं की हवेचा दाबही तेवढाच उतरतो. म्हणून दर तीनशे मीटरला एक अंश, असा ढोबळ हिशेब. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या जवळ, कळसूबाईच्या माथ्यावर साडेचौऱ्याण्णवच्या, लेहला ८८ च्या सुमारास. सियाचीनमध्ये अठरा हजार फुटांवरच्या चौकीत हवा निम्मी असते आणि पाणी ८२ अंशांनाच उकळू लागतं. तिथे पातेल्यात डाळ शिजत नाही. पाणी कमी उकळतं म्हणून नव्हे. ते खळखळून उकळतं, पण ८२ च्या वर चढत नाही, आणि डाळ शिजते ती तापमानाने. १८३५ च्या मार्चमध्ये चार्ल्स डार्विन अँडीज ओलांडत होते. त्यांच्या सोबत्यांचे बटाटे रात्रभर विस्तवावर राहूनही कच्चेच निघाले. सोबत्यांनी खापर फोडलं ते नव्या भांड्यावर.

हीच अडचण उलटी वापरून माणसांनी पर्वत मोजले. कुमाऊंच्या मिलम गावचे नैनसिंग रावत भारतीय सर्वेक्षण खात्यासाठी वेश बदलून तिबेटमध्ये शिरले आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचले. पेटीच्या चोरकप्प्यात कोनमापक यंत्र, कवड्यांमध्ये पारा, १०८ ऐवजी १०० मण्यांची जपमाळ, आणि पाणी उकळून बघायची तापमापी. परक्या मुलुखात, पकडलं गेलं तर जीव जाईल अशा स्थितीत, हा माणूस चहाचं आधण ठेवल्यासारखं पाणी उकळायचा आणि त्या अंशांवरून शहराची उंची ठरायची. बाष्पदाबाच्या तक्त्याचा याहून धाडसी वापर मला माहीत नाही. एव्हरेस्टच्या शिखरावर १९८१ मध्ये प्रत्यक्ष मोजलेला दाब २५३ मिलिमीटर होता. त्या दाबाला पाणी ७२ अंशांच्या आसपास उकळेल. आणखी वर, सुमारे १९ किलोमीटरवर, हवेचा दाब ४७ मिलिमीटर उरतो. ३७ अंशांना, म्हणजे शरीराच्या तापमानाला, पाण्याचा बाष्पदाब नेमका तेवढाच असतो. १९६६ मध्ये नासाच्या निर्वात कक्षात जिम लेब्लाँक यांच्या पोशाखातली हवा अचानक निघून गेली. शुद्ध हरपण्याआधी त्यांना जाणवलं ते जिभेवरच्या लाळेचं उकळणं. ते वाचले. रक्त मात्र अशा वेळी उकळत नाही, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंती त्यावर दाब ठेवून असतात.

दाब वाढवायचा प्रयोग देनी पापॅं यांनी १६७९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे केला. घट्ट झाकणाच्या भांड्यात त्यांनी हाडं मऊ शिजवून दाखवली, आणि भांडं फुटू नये म्हणून वाफेच्या जोराने उचललं जाणारं वजनही बसवलं. आपल्या कुकरची शिट्टी तीच. शिट्टी उचलली जाते तेव्हा आतला एकूण दाब बाहेरच्या साधारण दुप्पट असतो, म्हणून पाणी १२० अंशांपर्यंत जातं. गंमत अशी की शिट्टी होण्याआधी कुकरच्या आत पाणी फारसं उकळतच नाही. तापमान चढतं तसा वाफेचा दाब चढतो, आणि तोच दाब पाण्यावर बसून उकळी दाबून धरतो. शिट्टी उचलली की दाब किंचित उतरतो, आणि त्या क्षणी सगळं पाणी एकदम उसळतं. डाळीचा फेस शिट्टीतून बाहेर येतो तो त्यामुळे. गरम कुकर नळाखाली धरला तरी आत खळखळ वाढते. वरची वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, दाब कोसळतो, आणि खालचं पाणी थंड होता होता उकळतं. यातून स्वयंपाकघरासाठी एक गोष्ट निघते, आणि ती मी आग्रहाने सांगेन. पहिल्या शिट्टीनंतर आच मोठी ठेवून काही मिळत नाही. तापमान वजनाने बांधलेलं असतं, जास्तीचा गॅस फक्त वाफ बाहेर फेकण्यात जातो.

गॅसचा सिलिंडर हेही बाष्पदाबाचंच भांडं. आत प्रोपेन आणि ब्युटेन द्रवरूपात, आपल्याच वाफेच्या दाबाखाली बसलेले असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. शेगडी पेटवली की वरची वाफ निघते आणि द्रव उकळून ती भरून काढतो. म्हणून सलग मोठी आच चालू असली की सिलिंडर खालून गार लागतो. द्रव शिल्लक आहे तोवर दाब तापमानावर ठरतो, किती द्रव उरला यावर नाही. म्हणून दाब बघून गॅस किती राहिला ते कळत नाही, वजनच करावं लागतं. कडाक्याच्या थंडीत ब्युटेन जास्त असलेला सिलिंडर भरलेला असूनही रुसतो, त्याचंही कारण हेच.

बंद भांड्यात तापमान आणखी वाढवत नेलं तर काय होईल, हे कान्यार द ला तूर यांनी १८२२ मध्ये पाहिलं. वाफ दाट होत जाते, द्रव विरळ होत जातो, आणि एका तापमानाला दोघांमधली सीमारेषाच नाहीशी होते. पाण्यासाठी ही वेळ ३७४ अंशांना आणि सुमारे २१८ वातावरणदाबाला येते. त्यापलीकडे उकळणं ही घटनाच राहत नाही.

महाराष्ट्राशी या विषयाचं सर्वांत घट्ट नातं उसाचं आहे. गुऱ्हाळात काहिलीतला रस उघड्यावर आटतो. पाणी उडतं, साखर मागे राहते, आणि साखरेच्या रेणूंच्या मानाने पाण्याच्या रेणूंचं प्रमाण घटत जातं. बाष्पदाब घटतो, म्हणून तो बाहेरच्या हवेशी बरोबरीला यायला जास्त तापमान लागतं. विरघळलेल्या पदार्थाने बाष्पदाब किती घटेल याचा नियम राउल्ट यांनी १८८० च्या दशकात सांगितला. १०५ अंशांच्या आसपास काकवी उतरवतात, ११८ च्या आसपास गुळाचा पाक तयार होतो. गुळव्या हा आकडा तापमापीवर बघत नाही. तो पाकाची तार, पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी आणि फेसाचा रंग बघतो, आणि एका अर्थी बाष्पदाबच मोजत असतो. एवढ्या तापमानाला साखरेचा काही भाग तुटतो, करपतो, आणि गुळाला त्याचा रंग नि चव येते.

कारखान्याला मात्र पांढरे स्फटिक हवे असतात आणि तुटलेली साखर म्हणजे तोटा. एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड यांनी १८१३ च्या सुमारास त्यावर निर्वात पॅनचा उपाय काढला. पॅनमधली हवा ओढून घेतली की घट्ट पाकही साठ-सत्तर अंशांना उकळतो. त्याहून मोठी झेप न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिल्यू यांची. गुलामगिरीच्या लुइझियानात जन्मलेला हा मिश्रवंशीय अभियंता पॅरिसला शिकला, आणि १८४३ व १८४६ मध्ये त्याने एक व्यवस्था पेटंट केली. एका भांड्यातल्या रसाची वाफ फुकट घालवायची नाही, ती दुसऱ्या भांड्याला तापवायला द्यायची. ती वाफ पहिल्या रसापेक्षा गरम असू शकत नाही, मग दुसरा रस तिच्याने उकळेल कसा? दुसऱ्या भांड्यातला दाब कमी ठेवायचा, म्हणजे तो कमी तापमानाला उकळेल. तिसऱ्यात आणखी कमी. अशा चार भांड्यांच्या रांगेत एक किलो वाफ जवळपास चार किलो पाणी उडवते, आणि शेवटच्या भांड्यात रस ५५-६० अंशांना उकळत असतो. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे अशा कारखान्यांनी पश्चिम महाराष्ट्राचं अर्थकारण बदललं. त्या प्रत्येक कारखान्याच्या पोटात रिल्यू यांची ही कल्पना आहे. आपल्याकडे त्यांचं नाव कुणाला माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं.

दोन द्रव एकत्र आले की गोष्ट आणखी रंगते. गोव्यात काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस भाटीवर चढवतात तेव्हा अल्कोहोलचा बाष्पदाब पाण्यापेक्षा जास्त असल्यामुळे वाफेत त्याचा वाटा रसातल्यापेक्षा मोठा असतो. पहिल्यांदा गाळलेला हुर्राक सौम्य, पुन्हा गाळलेली फेणी कडक. एकमेकांत न मिसळणारे द्रव तर त्याहून नवलाचे. दोघंही आपापला पूर्ण बाष्पदाब देतात आणि बेरीज ७६० झाली की मिश्रण उकळतं. ९९ अंशांना पाणी एकटंच ७३३ देतं, उरलेले २७ तेलाकडून आले तरी पुरे. गवती चहाच्या तेलातला सिट्रल एकटा २२९ अंशांना उकळतो, पण पाण्याच्या वाफेबरोबर तो शंभराच्या आत निघून येतो आणि त्याचा सुवास जळत नाही. कन्नौजचे अत्तरवाले देग-भपका या पारंपरिक भांड्यांनी हेच साधत आले आहेत.

इथवर सगळं पहिल्या प्रश्नाचं होतं. आता दुसरा. बाष्पदाब बाहेरच्या दाबाइतका झाला तरी बुडबुडा आपोआप होत नाही. पाण्याच्या पृष्ठताणामुळे बुडबुड्याची कड त्याला आत दाबत असते, आणि बुडबुडा जितका लहान तितका हा दाब मोठा. हिशेब करून पाहा. एक मायक्रॉन त्रिज्येच्या बुडबुड्यावर हा जादा दाब एका वातावरणदाबाहूनही थोडा जास्त भरतो. म्हणजे एवढा बुडबुडा टिकायला आतल्या वाफेचा दाब दुपटीहून जास्त हवा, आणि त्यासाठी पाणी १२० अंशांच्या पुढे जायला हवं. आणि प्रत्येक बुडबुड्याने सुरुवात तर याहून लहान आकारातूनच करायची. मग आपलं पाणी शंभरालाच कसं उकळतं? कारण भांड्याच्या ओरखड्यांत, खाचांत हवेचे सूक्ष्म कप्पे आधीच अडकलेले असतात. वाफ त्यांना पोसते आणि बुडबुडा लहानपणाची ती अवघड पायरी न चढताच मोठा होतो. पातेल्याच्या तळाशी काही ठरावीक ठिकाणांहूनच बुडबुड्यांच्या माळा निघतात, त्या याच जागा. उकळीआधीची सणसण हाही बुडबुड्यांचाच आवाज. तळाशी जन्मलेले बुडबुडे वरच्या थंड थरात शिरताच मिटतात.

कॅव्हेंडिश यांच्या समितीतलेच एक सदस्य, जिनिव्हाचे द ल्यूक, यांनी पाण्यातली हवा चिकाटीने काढून टाकली होती. त्यांचं पाणी ११२ अंशांपर्यंत न उकळता तापलं. १८६१ मध्ये द्यूफूर यांनी पाण्याचे थेंब गरम तेलात तरंगत ठेवले, म्हणजे भांड्याची भिंतच काढून टाकली. काही थेंब १७८ अंशांपर्यंत द्रवच राहिले. असं अतितापलेलं पाणी एकदा उकळलं की फुटतं. गुळगुळीत कपात मायक्रोवेव्हमध्ये तापवलेलं पाणी चमचा घालताच अंगावर उसळू शकतं. प्रयोगशाळेत चंबूत चिनी मातीचे तुकडे टाकतात ते बुडबुड्यांना जागा मिळावी म्हणून. आगीत सापडलेली द्रवरूप गॅसची टाकी फाटते तेव्हा दाब क्षणात उतरतो आणि आतला सगळा तापलेला द्रव एकदम उकळतो. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये मेक्सिको सिटीजवळ सान हुआन इश्वातेपेक इथे अशा टाक्या एकामागून एक फुटल्या आणि शेकडो माणसं गेली.

थंड पाण्याची उकळी हा याच प्रश्नाचा दुसरा चेहरा. पंप विहिरीतल्या पाण्यापासून फार उंच बसवला तर पंख्याच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की तीस अंशांचं पाणी तिथे उकळतं. ते बुडबुडे पुढे दाबाच्या जागी गेले की मिटतात, आणि मिटताना धातूचे कण उडवतात. चाळणीसारखा झालेला पंखा शेतकऱ्याने पाहिलेला असतो. दोष पाण्यातल्या वाळूला दिला जातो, पण बऱ्याचदा तो उंचीचा असतो.

उकळी येऊ देणं आणि ती दाबून धरणं, या दोन्ही वाटा पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात शेजारी शेजारी दिसतात. १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची रचना सुमारे ७० वातावरणदाबाला, २८५ अंशांच्या आसपास, गाभ्यातच पाणी उकळू देण्याची आहे. नंतरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत इंधनाभोवतून वाहणारं जड पाणी सुमारे शंभर वातावरणदाबाखाली ठेवतात, म्हणजे तीनशे अंशांच्या घरातही ते उकळत नाही. उकळू द्यायचं असो की नसो, अभियंत्याला एका गोष्टीची धास्ती असते. तापलेल्या पृष्ठभागावर बुडबुडे इतके दाट झाले की ते एकमेकांत मिसळून वाफेचा पडदा बनवतात. पडद्यातून उष्णता नीट जात नाही आणि धातू वितळू लागतो. जपानच्या नुकियामा यांनी १९३४ मध्ये पाण्यात बुडवलेल्या तारा तापवून ही मर्यादा दाखवून दिली. साध्या दाबाला पाण्यासाठी ती दर चौरस मीटरला दहा लाख वॉटच्या आसपास येते. झुबर यांनी १९५९ मध्ये तिचं सूत्र दिलं, पण पृष्ठभाग खरखरीत केला, त्यावर पातळ थर चढवला, पाण्याचा प्रवाह बदलला की आकडा हलतो. पाण्याचा बाष्पदाब आज दशांशानंतरच्या कित्येक स्थळांपर्यंत तक्त्यांत छापलेला आहे. बुडबुड्यांच्या या मर्यादेसाठी मात्र नव्या रचनेच्या प्रत्येक इंधनजुड्यावर आजही प्रत्यक्ष चाचणी घ्यावी लागते.